निवले की निवडले

आधार बैसाणे यांनी बत्तीस वर्षं धान्य राखलं, पण स्वतःच्या घरातल्या धान्याच्या खोलीत ते कधी कामाला गेले नव्हते. शिंदखेड्याच्या सरकारी गोदामावर ते गोदामपाल होते. धुळ्याहून रोज जाऊन-येऊन नोकरी केली. पोत्यांच्या थप्प्या भिंतीपासून दोन फूट लांब, लाकडी फळ्यांवर, जमिनीला न टेकता. प्रत्येक थप्पीला सुतळीनं बांधलेलं कार्ड, कार्डावर माल कधी आला ती तारीख, आणि आधी आलेला माल आधी बाहेर. हमाल मागे म्हणत, बैसाणेभाऊ लग्नाच्या पंगतीतसुद्धा आधी लाटलेली पोळी आधी मागतील. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, या माणसाच्या गोदामाला कधी वास आला नाही. गोदामपालाला याहून मोठी पदवी नसते असं आधारभाऊ मानतात.

घरचं धान्य पार्वताबाईंकडे. देवपूरमधल्या त्यांच्या घरात जिन्याखाली आठ बाय सहाची एक खोली आहे. एक उंच पायरी उतरून आत जावं लागतं. आत पत्र्याच्या चार कोठ्या: गव्हाची, दादरची, तांदळाची आणि डाळींची लहान. दादर म्हणजे काळ्या जमिनीतली रब्बीची ज्वारी. खान्देशात तिची भाकरी खाल्लेल्या माणसाला दुसरी ज्वारी सांगू नये. कोठ्यांच्या वर तीन फळ्या, फळ्यांवर डबे, आणि एकाही डब्यावर नाव नाही. हळद वरच्या फळीवर उजवीकडून दुसरी. उडीद मधल्या फळीवर, खिडकीच्या बाजूला. एरंडेल लावलेली तूरडाळ त्याच्या शेजारी. ज्वारीच्या बिबड्या आणि नागलीचे पापड सगळ्यात उंचावर, कारण हाताशी ठेवले तर मुलगा प्रशील लहानपणी कच्चेच खायचा. प्रशील आता सदतीस वर्षांचा आहे, नाशिकला एका कंपनीत आहे, पण पापडांची जागा बदललेली नाही. दिवे गेले तरी पार्वताबाई हवा तो डबा हात लावून काढत.

मार्चमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने खाली बसायचं नाही आणि उंच पायरी चढाय-उतरायची नाही. म्हणजे त्या खोलीत जायचं नाही. आणि मार्च संपला की वर्षाचं धान्य भरायचे दिवस येतात.

प्रशील आणि त्याची बायको स्नेहल ऑपरेशनसाठी आले होते. पार्वताबाई आतल्या खोलीत औषधाच्या गुंगीत होत्या. बाहेर जेवणं झाल्यावर प्रशीलनं विषय काढला.

"बाबा, त्या कोठ्या आता काढून टाका. तुम्ही दोघं नाशिकला चला. तिथं फोनवर सांगितलं की दहा मिनिटांत पाच किलो पीठ दारात येतं."

"दहा मिनिटांत?"

"आठच म्हणा."

"आमच्या गोदामातून दुकानात माल जायला पंधरवडा लागायचा," आधारभाऊ म्हणाले. "एवढ्या घाईनं आणलेलं पीठ कोणाच्या तरी घाईचंच असणार."

"थट्टा राहू द्या. आईनं त्रेचाळीस डिग्रीत गच्चीवर गहू ओढायचे आणि तुम्ही खाली पेपर वाचायचा, हे या वर्षी जमणार नाही. धान्य भरणार कोण?"

"मी."

स्नेहलला हसू आलं. तिनं ते खोकल्यात घालवलं.

"खोकू नको, पोरी. हजारो क्विंटल राखलंय मी. चार कोठ्या काय आहेत?"

प्रशीलनं थोडा विचार केला. "ठीक आहे. या वर्षीची साठवण तुम्ही करा. दिवाळीपर्यंत चांगली राहिली तर मी पुन्हा नाशिकचं नाव काढणार नाही. बिघडली तर मात्र घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं. मंजूर?"

"मंजूर."

आधारभाऊंना नाशिक ठाऊक होतं. मागच्या वर्षी ते तिथं आठ दिवस राहिले होते. फ्लॅट सातव्या मजल्यावर, स्वच्छ, हवेशीर, आणि त्यात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. आठ दिवसांत त्यांनी सोसायटीच्या वॉचमनला फाटकावरची वही कशी ठेवावी हे दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा वॉचमन त्यांना येताना पाहून पाण्याच्या टाकीमागे गेला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. आधी त्यांनी सगळे डबे खाली उतरवले, पुसले, प्रत्येकाला क्रमांक दिला, कार्ड लावलं, आणि क्रमानं परत मांडले. खोली पहिल्यांदाच गोदामासारखी दिसू लागली. पार्वताबाई तोवर काठीच्या आधारानं स्वयंपाकघरात उभ्या राहू लागल्या होत्या. राग आला की त्या अहिराणीवर येतात.

"मन्ही हळद कोठे शे?"

"मधली फळी, क्रमांक अकरा."

"भाजीमा हळद टाकू का अकरा नंबर टाकू? बठ्ठं उलटंपालटं करी टाकं!"

"अगं, कार्ड वाच ना."

"पायरी उतरता येत नाही, कार्ड काय दुर्बीण लावून वाचू?"

आधारभाऊंनी हळदीचा डबा आणून दिला. तेव्हापासून प्रत्येक डबा त्यांनाच आणून द्यावा लागला. दिवसातून बारा-पंधरा फेऱ्या होत. पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की स्वयंपाकाला इतके नाना तऱ्हेचे जिन्नस लागतात.

दादर शिंदखेड्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आली. गहू लोकवन, बाजारातून पारखून घेतलेला. चष्मा लावून, मांडी घालून, परातीत घेऊन त्यांनी गहू निवडला. खडे, मातीची ढेकळं, फुटके दाणे सगळं वेगळं केलं. समाधान झालं नाही म्हणून पुन्हा निवडला. असं निवडणं पार्वताबाईंनीही कधी केलं नव्हतं, आणि तसं त्यांनी कबूलही केलं. मग तीन दिवस गहू गच्चीवर उन्हात. धुळ्याचं एप्रिलचं ऊन असं की दुपारी गच्चीवर चप्पल चिकटते.

बारा एप्रिलला दुपारी त्यांनी गहू बादल्यांनी खाली आणायला सुरुवात केली. डोक्याला, कानांवरून गच्च रुमाल बांधलेला. आतल्या खोलीत कूलर घरघरत होता. कोठीच्या तळाशी सुकवलेला कडुनिंबाचा पाला, मग गहू, मग पाला, मग गहू. शेवटच्या दोन बादल्या राहिल्या तेव्हा आतून पार्वताबाईंनी हाक मारली.

"अहो, निवले का गहू?"

आधारभाऊंना ऐकू आलं, निवडले का गहू.

"हो, दोनदा!" त्यांनी ओरडून सांगितलं.

पार्वताबाई जरा विचारात पडल्या. गहू दोनदा कसे निवतात ते त्यांना कळेना. पण माणूस बत्तीस वर्षं गोदामावर होता, त्यांची काही वेगळी रीत असेल असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी कूस बदलली.

आधारभाऊंनी झाकण दाबून बसवलं. कडेनं हवा जाऊ नये म्हणून भोवती चिकटपट्टी फिरवली. कार्डावर लिहिलं: गहू, लोकवन, भरले १२ एप्रिल, दुपारी ३. आणि कार्ड कोठीच्या कडीला बांधलं.

दुसऱ्या दिवशी दादरची पाळी होती. दादर उन्हातून खाली आणून त्यांनी पुढच्या खोलीत चादरीवर पसरली, तेवढ्यात विहारातून माणसं बोलवायला आली. चौदा एप्रिलची तयारी होती. तो दिवस तिकडे गेला, दुसरा मिरवणुकीत गेला. पंधराला सकाळी लवकर उठून त्यांनी दादर भरली. तसंच कार्ड, तशीच पट्टी.

मे, जून, जुलै असे गेले. रोजचे गहू कोठीच्या खालच्या तोंडातून निघत. झाकण उघडायचं कारण नव्हतं. दर महिन्याच्या एक तारखेला आधारभाऊ कोठ्यांचा फोटो काढून प्रशीलला पाठवत. प्रशीलचा अंगठा येई. एकदा शाळेत शिकवणाऱ्या स्नेहलनं लिहिलं, "बाबा, आमच्या शाळेच्या स्टोअररूमला या." तो मेसेज त्यांनी शेजारच्या तिघांना दाखवला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते दळण घेऊन चक्कीवर गेले. चक्कीवाला भूषण त्यांच्या गल्लीतलाच. त्यानं डब्यातले गहू चक्कीत ओतायला घेतले, हात थांबवला, आणि ओंजळभर उचलून नाकाशी नेले.

"आबा, रेशनचा शे का?"

रांगेत चार बायका होत्या. त्यातली एक हसली.

"लोकवन आहे," आधारभाऊ म्हणाले. "निवडून भरलेला."

"असेल. पण वास मारतोय. दळू का?"

"नको."

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून रेशनच्या धान्याला नावं ठेवलेली ऐकली होती. स्वतःच्या डब्याला ऐकायची ही पहिली वेळ. डबा उचलून ते घरी आले, पायरी उतरले, चिकटपट्टी काढली आणि कोठीचं झाकण उचललं.

वास ओळखायला त्यांना कोणाची गरज नव्हती. झाकणाच्या आतल्या अंगाला पाण्याचे सुकलेले ओघळ होते. वरचा वीतभर गहू एकमेकांना चिकटून त्याच्या ढेपा झालेल्या, त्यांवर हिरवट बुरशी. मधोमध खड्डा पडलेला. खालून काढला तरी कोठीतला गहू मधूनच खचतो, म्हणून वरचा बिघडलेला आधी चक्कीवर गेला होता. खड्ड्याच्या कडेनं सोंडे चालत होते, फार नाहीत, पण गोदामपालाला एक पुरे. त्यांनी परखी आणली. पोत्यात खुपसून नमुना काढायची ही टोकदार नळी त्यांनी निवृत्तीनंतर बाजारातून घेतली होती, आतापर्यंत तिचा उपयोग झाला नव्हता. चार ठिकाणी परखी घातली. दोन वितींखाली गहू कोरडा होता, चांगला होता, वास मात्र त्यालाही लागला होता.

मग त्यांनी दादरची कोठी उघडली. दादर खणखणीत. आज भरल्यासारखी.

ते पायरीवर बसले. खोली तीच, पत्रा तोच, पाला तोच, पट्टी तीच, भरणारा माणूस तोच. मग फरक कशात? असल्या चौकशा त्यांनी नोकरीत पुष्कळ केल्या होत्या, आणि चौकशी कागदापासून सुरू करायची हे त्यांना माहीत होतं. दोन्ही कार्डं त्यांनी शेजारी धरली. दादर: पंधरा एप्रिल, सकाळी सात. गहू: बारा एप्रिल, दुपारी तीन.

दुपारी तीन. उन्हातून काढलेला गहू तसाच गरम पत्र्याच्या कोठीत कोंबला होता, आणि वरून पट्टी लावली होती. गोदामात ट्रकमधून तापलेली पोती उतरत आणि तशीच थप्पीला लागत, काही होत नसे, कारण तागाचं पोतं श्वास घेतं. पत्रा घेत नाही. गरम गव्हाची वाफ वर चढली, झाकणाला लागली, पाणी होऊन खाली आली. बत्तीस वर्षांत कोठी त्यांनी फक्त बाहेरून पाहिली होती.

आणि मग त्यांना ती हाक आठवली. पार्वता काय म्हणाली होती? 'ड' होता की नव्हता?

दिवाळी अडीच महिने लांब होती. प्रशील पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला येणार होता. पार्वताबाईंना पायरी अजून मना होती, म्हणजे कोठीत काय आहे हे या घरात एकट्या आधारभाऊंना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ते उत्तमचंद शेठच्या दुकानी गेले. शेठ मारवाडी, म्हातारे, गल्ल्यावर बसून पेपर वाचत होते.

"शेठ, साठवणीचा लोकवन आहे का? दीड-दोन क्विंटल."

शेठनी पेपर खाली केला. "श्रावणात साठवण? भाऊ, पोरगी सासरी गेल्यावर हळद लावता काय?"

"आहे का सांगा."

"आहे. दाखवतो. पण बाई कुठे? गहू घ्यायला त्या येतात. मागल्या साली माझी तीन पोती परत पाठवली होती त्यांनी, म्हणे पोळी ताणत नाही."

आधारभाऊंनी गहू हातात घेतला. चांगला होता. त्यांनी तो परत पोत्यात सोडला. कोठीतला गहू बदलता आला असता, पण पहिल्याच दिवशी पोळी लाटताना पार्वताबाईंना कळलं असतं. ते रिकाम्या हातांनी घरी आले.

पार्वताबाई खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या.

"गहू गेला," ते म्हणाले. "वरचा दोन वीत. खालच्याला वास आहे."

त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "कोठी कधी बंद केली होती?"

"त्याच दुपारी."

"गरमच?"

"गरमच."

"मी विचारलं होतं की. निवले का म्हणून."

"मला निवडले ऐकू आलं."

"म्हणून दोनदा! मी म्हटलं, यांचं गोदाम म्हणजे काही चमत्कारच दिसतोय, तिथं गहू दोनदा निवतात." पार्वताबाई हसल्या, पण थोडंच. मग म्हणाल्या, "हात द्या."

"पायरीला डॉक्टर नाही म्हणालेत."

"डॉक्टरांच्या घरी गहू सडला का? हात द्या."

काठी एका हातात, नवऱ्याचा दंड दुसऱ्या हातात, अशा त्या पाच महिन्यांनी खोलीत उतरल्या. आधी भिंतीवरच्या फळ्या पाहिल्या, कार्डं पाहिली. कोपरापर्यंत हात गव्हात घातला, तळहात उघडून काही वेळ तसाच ठेवला. वरचा काढून टाकायचा, त्या म्हणाल्या. खालचा सगळा बाहेर काढायचा, चाळायचा, उघडीप मिळेल तसं ऊन द्यायचं, नाही मिळालं तर पंख्याखाली. वास जाईल. पोळीला चालेल, शेवयांना नाही.

त्या आठवड्यात धुळ्यात पाऊस उघडलेला होता. आधारभाऊंनी गहू चाळला, गच्चीवर नेला, संध्याकाळी आणून पुढच्या खोलीत पसरला. चौदा ऑगस्टला प्रशील आणि स्नेहल आले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गव्हातून वाट काढत प्रशील आत आला.

"हे काय?"

"गहू बिघडला," आधारभाऊंनी सांगितलं. त्यांनी वेळ, तारीख, कारण, आणि अंदाजे चाळीस किलो नुकसान असं सगळं क्रमानं सांगितलं, जसं ते एखाद्या पंचनाम्यात लिहीत. शेवटी म्हणाले, "ठरलं होतं तसं मी हरलो. दिवाळीनंतर आम्ही येतो."

जिंकल्याचं प्रशीलच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"काय ठरलं होतं?" पार्वताबाईंनी विचारलं.

स्नेहलनं सांगितलं. मार्चमधलं सगळं, जेवणानंतरचं, दिवाळीपर्यंतची मुदत, घर बंद करायचं ते.

"मी कुठे होते तेव्हा?"

"तुम्ही झोपल्या होतात, आई."

पार्वताबाईंनी एक-एक करून दोघांकडे पाहिलं. "कोठ्या मन्ह्या. घर मन्हं. आणि पैज तुम्ही दोघं लावतात! मी म्हणजे काय, कोठीखालची वीट?"

"आई, तसं नाही. तुझ्या गुडघ्यासाठीच..."

"गुडघा बरा होतोय. परवा पायरी उतरले, विचार यांना. गहू बिघडला तो याच्यामुळं, की यांनी मला विचारलं नाही आणि मी ओरडून दुसऱ्यांदा सांगितलं नाही. कूलर बंद करायचा होता, घर नव्हतं बंद करायचं."

"पण पुढच्या वर्षी?" प्रशील म्हणाला. "आणि त्याच्या पुढच्या? तू सत्तरीची होशील."

"मग सत्तरीच्या बाईला लागतं तेवढं भरू. दोन माणसांना दोन क्विंटल गहू कशाला? तुझ्यासाठी भरत होते मी, तू न्यायचास म्हणून. आता तुला आठ मिनिटांत मिळतो." हे त्या कोणाला टोचावं म्हणून बोलल्या नाहीत. खरोखरच त्या मनात आकडा धरत होत्या. "नाशिकला मी येईन. पंधरा दिवस येईन, महिना येईन. राहायला येणार नाही. यांना यायचं असेल तर हे येवोत, पैज हरलेत ते."

सगळे आधारभाऊंकडे बघू लागले.

"वॉचमन राजीनामा देईल," आधारभाऊ म्हणाले.

स्नेहल यावेळी खोकली नाही, मोठ्यानं हसली. प्रशील गव्हाच्या कडेला खाली बसला, चार दाणे उचलून चावून पाहिले, आणि म्हणाला, वास तर येत नाही आता. पुन्हा नाशिकचा विषय त्यानं काढला नाही. संध्याकाळी मोठी कोठी विकायला किती दिवस लागतील एवढंच विचारलं, आणि लहान एक क्विंटलची कोठी आपण पाठवतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाहून आल्यावर पार्वताबाई पायरीवर उशी टाकून बसल्या. डबे पुन्हा लावायचे होते. कार्डं राहू द्यायला त्यांची हरकत नव्हती, पण प्रत्येक डबा आपल्या जागी हवा होता, आणि पुढच्या एप्रिलला काय किती भरायचं, कधी उन्हात घालायचं, कधी काढायचं तेही त्यांना आताच सांगून टाकायचं होतं. आधारभाऊंनी वही उघडली, तारीख घातली.

"लिहू नका," त्या म्हणाल्या. "आधी ऐका."

त्यांनी वही मिटली. सांगून संपायला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा त्यांनी "काय म्हणालीस?" असं विचारलं, आणि दोन्ही वेळा पार्वताबाईंनी न चिडता पुन्हा सांगितलं.